हिरवं तेल पुन्हा पुन्हा का ठिबकतं: बीएक्स आणि झँटियाच्या सस्पेन्शनच्या परतीच्या नळ्या

सिट्रोएन बीएक्स किंवा झँटियाच्या खाली हिरवं तेल ठिबकतं. गॅरेजवाला एक रबरी नळी बदलून देतो. काही आठवडे जमीन कोरडी राहते आणि मग पुन्हा डाग दिसतो, या वेळी दोन हात पलीकडे. पुन्हा गॅरेज, पुन्हा एक नळी. इथे नेदरलँड्समध्ये अशा गाड्या अजून बऱ्याच जणांनी हौसेने सांभाळल्या आहेत आणि जवळजवळ प्रत्येकाची ही तक्रार असतेच. माझीही झँटियाच आहे. त्यामुळे या तक्रारीच्या मुळाशी काय आहे आणि ती कायमची कशी मिटवायची, ते नीट लिहून ठेवतो.

आधी मुद्द्याचं. परतीची नळी, म्हणजे काम झालेलं तेल टाकीत परत नेणारी नळी, फुटली की ती बदलायची असते, हे अर्धंच खरं आहे. ती का फुटली, हे शोधलं नाही तर पुढची फुटणारच. आणि गाडीतल्या सगळ्या परतीच्या नळ्या एकाच वयाच्या असतात. बीएक्स 1982 साली आली, झँटिया 1993 साली. मूळ रबर अजून जागेवर असेल तर त्याचं आयुष्य केव्हाच संपलंय. एकाला तडा गेला की बाकीच्यांना थोडाच अवधी उरलेला असतो.

परतीची बाजू म्हणजे काय

या गाड्यांना नेहमीच्या स्प्रिंगा नाहीत. पंप टाकीतलं एलएचएम, म्हणजे हिरवं खनिज तेल, खेचतो आणि दाबाखाली पुढे ढकलतो. रेग्युलेटर हा दाब साधारण 145 ते 170 बारच्या दरम्यान राखतो. तिथून तेल पोलादी पाइपांतून हाइट करेक्टरकडे (गाडीची उंची राखणारा व्हॉल्व्ह), ब्रेकच्या व्हॉल्व्हकडे आणि चारही चाकांच्या सिलिंडरांकडे जातं. सिलिंडरच्या टोकाला नायट्रोजन भरलेला गोळा असतो आणि स्प्रिंगचं काम तो वायू करतो. पॉल माजेस यांनी ही रचना सिट्रोएनसाठी घडवली. 1954 साली ती आधी फक्त मागच्या चाकांना आली आणि 1955 साली डीएस या मॉडेलमध्ये चारही चाकांना.

काम झालेलं तेल टाकीत परत यावं लागतं. त्यासाठी रबराच्या आणि प्लॅस्टिकच्या बारीक नळ्यांचं वेगळं जाळं आहे. त्यात दाब जवळपास नसतोच. या जाळ्यातून दोन तऱ्हेचं तेल वाहतं. एक, गाडी खाली बसताना किंवा ब्रेक सोडल्यावर मोकळं होणारं तेल, जे एकदम भरपूर येतं. दुसरं, सिलिंडरच्या सीलमधून आणि व्हॉल्व्हच्या पिस्टनभोवतीने सतत थोडं थोडं झिरपणारं तेल. हे झिरपणं मुद्दाम ठेवलेलं आहे, त्यानेच आतले भाग वंगण घेतात. स्ट्रटमधून, म्हणजे पुढच्या चाकाच्या उभ्या सिलिंडरमधून, झिरपलेलं तेल त्याच्या रबरी बुटात (बाहेरच्या आवरणात) जमतं आणि बारीक नळीने टाकीकडे जातं. शेजारी हवा जाण्या-येण्यासाठी आणखी एक बारीक नळी असते. या दोघींची अदलाबदल करायची नाही, म्हणून उपटण्याआधी रंगीत चिकटपट्टी लावा.

या शाखा जिथे एकत्र येतात तो अनेक फाट्यांचा रबरी तुकडा म्हणजे ऑक्टोपस. तो इंजिनाच्या मागे खोलात, हात जेमतेम पोचेल अशा जागी बसलेला असतो. पुन्हा पुन्हा गळणाऱ्या गाड्यांत शेवटी दोषी बहुधा तोच निघतो, कारण त्याच्यापर्यंत पोचायचा कंटाळा म्हणून त्याला सगळ्यात शेवटी हात लागतो.

आधी जीव, मग गाडी

हा भाग गाळू नका. नुसत्या जॅकवर किंवा नुसत्या सस्पेन्शनच्या भरवशावर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. एखादा जोड सुटला की ही गाडी क्षणात खाली येते आणि तेव्हा अंग काढून घ्यायला वेळ मिळत नाही.

इंजिन चालू ठेवून गाडीतला उंची बदलायचा दांडा सर्वांत वर न्या. गाडी उचलली गेली की नेमलेल्या जागी अ‍ॅक्सल स्टँड लावा. मग इंजिन चालू असतानाच दांडा सर्वांत खाली आणा, म्हणजे गाडीचा भार स्टँडवर येईल आणि सिलिंडर रिकामे होतील. त्यानंतर इंजिन बंद करा. हा क्रम महत्त्वाचा आहे. अँटी-सिंक व्हॉल्व्ह (उभी गाडी खाली बसू न देणारा) असलेल्या झँटियात इंजिन बंद झाल्यावर दांडा हलवला तर तेल आत अडकून राहू शकतं. शेवटी रेग्युलेटरवरचा दाब सोडायचा स्क्रू बारा नंबरच्या पान्याने एक ते दीड आटा सैल करा. फुस्स असा आवाज येऊन दाब टाकीत उतरेल. स्क्रू पूर्ण काढू नका, त्याच्या आत बारीक गोळी असते.

आणखी एक. जास्त दाबाच्या पोलादी पाइपाला भोक पडलं असेल तर तिथून बारीक फवारा उडतो. तो कातडीखाली शिरू शकतो आणि तशी जखम वरून किरकोळ दिसली तरी ताबडतोब शस्त्रक्रियेची वेळ आणते. म्हणून इंजिन चालू असताना बोटाने चाचपून गळती शोधायची नाही, पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरायचा.

गळती परतीचीच आहे का

पहिली शंका: ते एलएचएमच आहे का? काही कूलंटही हिरवे असतात. थेंब पाण्याच्या वाटीत सोडा. एलएचएम वर तरंगेल आणि बोटाला तेलकट लागेल. कूलंट पाण्यात विरघळून जाईल.

दुसरी शंका: दाबाच्या बाजूची की परतीची? ते गळण्याच्या वेळेवरून कळतं. इंजिन चालू असताना सतत गळतंय, तेल बारीक तुषारांसारखं आजूबाजूला उडालंय, रेग्युलेटरची टिकटिक दर दोन-तीन सेकंदांनी ऐकू येतेय, असं असेल तर दाबाची बाजू आधी तपासा. टिकटिकीला मेन गोळ्यातला (पंपाचा दाब साठवणाऱ्या गोळ्यातला) नायट्रोजन संपल्याचंही कारण असू शकतं, हे मात्र लक्षात असू द्या. याउलट चालताना फारसं काही नाही, पण गाडी उभी केल्यावर तासाभराने डबकं साचलेलं, किंवा दांडा वरून खाली केल्यावर एकदम धार लागली, तर ती परतीची बाजू. गाडी बसताना चारही सिलिंडरांतलं तेल एका दमात परत निघतं आणि कमकुवत जागेतून बाहेर पडतं.

हाच गुण चाचणीसाठी वापरा. बॉनेट उघडा, इंजिन चालू, दांडा वर. गाडी पूर्ण चढू द्या. मग एकाने आत बसून दांडा खाली करायचा आणि दुसऱ्याने बाजूला उभं राहून टॉर्चने वरून पाहायचं. गाडीखाली वाकायचं नाही, चाकाच्या कमानीत हात घालायचा नाही.

बऱ्याच जणांचा इथे एक गोंधळ होतो. गाडी रात्रभरात खाली बसते आणि तेलही गळतं, म्हणून दोन्हींचं कारण एकच धरलं जातं आणि महागडा हाइट करेक्टर बदलला जातो. परतीची नळी गळल्याने गाडी बसत नाही. गाडी बसते ती आतल्या झिरपण्यामुळे, आणि तेच झिरपलेलं तेल फाटक्या परतीच्या नळीतून जमिनीवर येतं. झिरपणं या गाडीत असायचंच. बाहेर येणं नाही.

अशीच एक फसवी गोष्ट म्हणजे टाकीतून पंपाकडे जाणारी जाड नळी. ती परतीची नाही, पण रबर त्याच वयाचं. तिला तडा गेला तर तेल बाहेर येण्याऐवजी हवा आत खेचली जाते. टाकीत फेस दिसतो, पंप खडखडतो, स्टिअरिंग मध्येच जड होतं आणि खाली थेंबही नसतो. परतीचं काम काढलंच असेल तर हीसुद्धा बदलून टाका.

नेमकी जागा

जमिनीवरचा डाग दिशाभूल करतो. तेल सबफ्रेमवरून (इंजिनाखालच्या पोलादी चौकटीवरून) वाहत जातं आणि सर्वांत खालच्या कोपऱ्यातून पडतं. आधी सगळा भाग डीग्रीझरने धुऊन, पुसून, कोरडा करा. मग संशयित जोडांवर टाल्कम पावडर भुरभुरवा. थोडी चक्कर मारून या आणि पुन्हा वर-खाली चाचणी करा. पांढऱ्या पावडरीत ओली रेघ सुरू होते ती जागा पकडा. रेघ जिथे संपते तिथे काही नसतं.

नळी वरून धडधाकट दिसली म्हणून सोडू नका. क्लिपच्या कडेला नळी बोटाने वाकवा. नळी सरळ असताना मिटलेली वर्तुळाकार चीर वाकवल्यावर उघडते आणि तिच्या तळाशी हिरवं ओलं दिसतं. दुसरं लक्षण याच्या उलट: टोक फुगून गुळगुळीत झालेलं, दाबल्यावर लिबलिबीत, आणि बोटाला काळी शाई लागल्यागत डाग. चीर म्हणजे उष्णतेने आणि वयाने कडक झालेलं रबर. फुगलेलं टोक म्हणजे पूर्वी कुणीतरी चुकीच्या जातीची नळी बसवली होती.

पुन्हा का फुटते

चार कारणं पाहण्यात येतात.

पहिलं, वर सांगितलेलं वय. एका जागी नवी, घट्ट नळी बसवताना शेजारची जुनी, ताठ नळी हलते, पिळली जाते आणि तिथेच तडकते. दुरुस्तीनेच पुढची गळती सुरू होते, ती अशी.

दुसरं, चुकीचं रबर. याबद्दल खाली सविस्तर.

तिसरं, तुंबलेली वाट. टाकीच्या आतल्या जाळ्या वर्षानुवर्षं कुणी काढून धुतलेल्या नसतात. परतीची जाळी बुजली की मागे दाब साचतो आणि ज्या जोडाने कधी दाब पाहिला नव्हता तो सुटतो. नळी दुमडली गेली, किंवा स्ट्रटची बारीक नळी गाळाने बंद झाली, तरी तेच. बंद नळीच्या टोकाला असलेला स्ट्रटचा रबरी बूट तेलाने फुग्यासारखा टम्म फुगतो आणि एक दिवस फाटतो. बूट फाटलेला दिसला तर नवा घालण्याआधी नळीतून फुंकर मारून पाहा. हवा मोकळी गेली पाहिजे.

चौथं, झिरपणंच प्रमाणाबाहेर वाढलेलं. स्ट्रटचं सील आणि बुश झिजले की बारीक नळीच्या आवाक्याबाहेरचं तेल तिच्यात येतं. हे ओळखायला पैसे लागत नाहीत. दोन्ही पुढच्या स्ट्रटच्या परतीच्या नळ्या टाकीच्या बाजूने सोडवून दोन सारख्या स्वच्छ बाटल्यांत सोडा. इंजिन चालू, गाडी नेहमीच्या उंचीवर. थोड्या वेळाने दोन्ही बाटल्या शेजारी ठेवा. तळाशी थोडं थोडं तेल असणं ठीक. एका बाजूला दुसरीच्या कितीतरी पट असेल तर तो स्ट्रट उघडावा लागेल, आणि तोवर कितीही नळ्या बदला, त्या बाजूची पुन्हा सुटेल. माझ्या मते ही चाचणी प्रत्येकाने नळ्यांची ऑर्डर देण्याआधी करावी. नळ्यांवरचा कितीतरी खर्च तिथेच वाचतो.

रबर कुठलं

एलएचएम खनिज तेल आहे. नायट्राइल रबर त्याला टिकतं, व्हिटॉन त्याहून चांगलं टिकतं. ईपीडीएम चालत नाही. नेहमीच्या ब्रेकच्या आणि कूलंटच्या होजमध्ये तेच असतं आणि खनिज तेलात ते फुगून मऊ पडतं. नैसर्गिक रबर नाही. सिलिकॉनची रंगीत नळी दिसायला सुंदर, पण तीही तेलात फुगते. पारदर्शक पीव्हीसी नळी थोड्या दिवसांत काचेसारखी कडक होते आणि गरम जागी सुटते.

बाजारात सहज मिळणारी योग्य वस्तू म्हणजे चांगल्या कंपनीची इंधनाची होज. नळीवरचं छापलेलं वाचा: एसएई जे30 आर7 असेल तर आत बहुधा नायट्राइल, आर9 असेल तर आत फ्लुओरोइलॅस्टोमरचा, म्हणजे व्हिटॉनच्या जातीच्या रबराचा, थर. युरोपात डीआयएन 73379 छापलेली, कापडी वेणीची होज मिळते, तीही चालते. काहीच छापलेलं नसेल तर ती दुकानातच राहू द्या.

माप घेताना जुन्या नळीचा व्यास मोजू नका, ती पसरलेली असते. ज्या नळकांड्यावर ती चढते त्याचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजा आणि नवी नळी आतून त्याहून किंचित लहान घ्या.

ऑक्टोपस: नवा की घरी जोडलेला

नव्याने बनवलेले ऑक्टोपस जुन्या सिट्रोएनचे भाग विकणाऱ्यांकडे मिळतात. तुमच्या मॉडेलचा, वर्षाचा आणि स्टिअरिंग ज्या बाजूला आहे त्या बाजूचा मिळाला तर तो घ्या. जागा इतकी अडचणीची आहे की तिथे जोड जितके कमी तितकं बरं. मिळाला नाही तर टी-जोड आणि होजचे तुकडे वापरून बनवता येतो आणि तो चांगला चालतो.

बनवायचा असेल तर जुना तुकड्यातुकड्याने ओरबाडून काढू नका. प्रत्येक फाट्यावर पट्टी लावून आकडा लिहा, फोटो काढा, मगच एकेक सोडवा. ओढून निघत नसेल तर ब्लेडने लांबीच्या दिशेने चीर देऊन सोला. चीर फक्त रबराला द्या, खालच्या प्लॅस्टिकच्या नळकांड्यावर चरा पडला तर तिथून कायम पाझर राहतो. बाहेर काढलेला ऑक्टोपस पुठ्ठ्यावर पसरून त्याभोवती पेन्सिल फिरवा. हा नकाशा समोर ठेवून नवा टेबलावर आखून घ्या. टी पितळेचे, काटेरी टोकाचे असावेत. नायलॉनचेही चालतात, पण गरम पाइपच्या जवळ पितळच. मूळ फाट्याचा आतला व्यास जेवढा होता त्यापेक्षा टीचं भोक बारीक नको, नाहीतर वर सांगितलेला अडथळा तुम्हीच तयार कराल. प्रत्येक तुकडा इंजिन हलेल एवढी ढील ठेवून कापा.

क्लिपांच्या बाबतीत माझं मत ठाम आहे. आतून खाचा असलेले साधे स्क्रू-क्लॅम्प या बारीक, मऊ नळ्यांवर लावू नयेत, ते रबरात रुततात आणि प्लॅस्टिकचं टोक दाबून चेपवतात. कडा वळवलेले छोटे इंधन-क्लॅम्प किंवा कानाचे, पक्कडीने आवळायचे क्लॅम्प वापरा. दाब नाही म्हणून बरेच जण केबल टाय आवळतात. थंड कोपऱ्यात ते निभावतं, इंजिनाजवळ उष्णतेने ढिलं पडतं.

जुन्या प्लॅस्टिकच्या नळ्या ठिसूळ झालेल्या असतात, वाकवल्या की काडकन मोडतात. जोडायच्या टोकाला गरम पाण्यात धरलेलं फडकं गुंडाळा आणि ते मऊ झाल्यावर रबर चढवा. मोडलीच तर दोन्ही टोकं सरळ कापून वर होजचा तुकडा चढवणं, एवढी दुरुस्ती पुरते. गळणाऱ्या जागेवर सिलिकॉन थापणं किंवा टेप गुंडाळणं मात्र व्यर्थ आहे. तेलकट पृष्ठभागावर काहीही धरत नाही.

पुन्हा भरताना

टाकी रिकामी झालीच आहे तर जाळ्या काढून पेट्रोलमध्ये धुवा आणि हवेने सुकवा. नवं एलएचएमच भरा. ब्रेक ऑइल चमचाभरसुद्धा नको, त्याने सगळी सीलं खराब होतात. दाब सोडायचा स्क्रू सैल ठेवून इंजिन चालू करा, पंपाने तेल पकडलं की स्क्रू बंद करा. पकडत नसेल तर पंपाच्या नळीत थोडं एलएचएम ओतून पाहा. मग गाडी पाच-सहा वेळा पूर्ण वर, पूर्ण खाली करा, स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवा. फेस बसेपर्यंत थांबा. पातळी मोजायची ती इंजिन चालू आणि गाडी सर्वांत वर असताना, कारण खाली असताना सिलिंडरांतलं तेल टाकीत आलेलं असतं आणि पातळी खोटी दिसते.

हे सगळं एलएचएमच्या गाड्यांसाठी आहे: बीएक्स, झँटिया, एक्सएम, सीएक्स, जीएस आणि हिरव्या तेलाच्या डीएस. लाल तेलाच्या सुरुवातीच्या डीएसना वेगळं रबर लागतं, तिथे यातलं रबराचं प्रकरण लागू करू नका. 2001 नंतरच्या हायड्रॅक्टिव्ह (तेलाच्याच सस्पेन्शनच्या) सी5मध्ये एलडीएस नावाचं वेगळं, नारिंगी तेल असतं आणि तेही एलएचएममध्ये मिसळायचं नाही. भारतात 2021 साली आलेल्या सी5 एअरक्रॉसचं नाव ऐकून कुणी हे वाचत असेल तर तिच्यात टाकी, पंप, गोळे यांतलं काहीच नाही. तिच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या आतच हायड्रॉलिक थांबे आहेत. तिथे तेल दिसलं तर तो शॉक अ‍ॅब्सॉर्बरच बदलावा लागतो.

काम झाल्यावर पहिले काही दिवस गाडीखाली पुठ्ठा अंथरा आणि त्यावर चारही चाकांच्या जागा पेनने आखा. गाडी रोज त्याच आखणीवर उभी करा. थेंब पडलाच तर तो कुठल्या शाखेच्या खाली आहे, ते पुठ्ठ्यावरून लगेच कळेल. आठवड्याने क्लॅम्प एकदा पुन्हा तपासा, कारण नवं रबर थोडं बसतं. मागच्या सिलिंडरांच्या नळ्या पुढच्यांपेक्षा उशिरा जातात, पण जातातच. पुढच्या चाकांकडचं काम करतानाच मागच्या नळ्यांसाठी लागणारी होज आणि क्लॅम्प आणून ठेवा.